मासा न लागणारी काठी

गिऱ्हाईक पायरी चढून दुकानात आले की चांदमल शेट आधी त्याच्या मनगटाकडे बघत, मग खांद्याकडे आणि सर्वांत शेवटी तोंडाकडे. तोंडाचा काठीशी काही संबंध नाही, असे त्यांचे मत होते.

नंदुरबारच्या बाजारपेठेत त्यांचे काठ्या-छत्र्यांचे दुकान होते. म्हाताऱ्यांच्या टेकायच्या काठ्या, पाटलांच्या मिरवायच्या काठ्या, जागल्यांचे सोटे आणि बैल हाकायच्या पराण्या, असा माल. काळ सन पंचवीस-सव्वीसचा. जिल्हा तेव्हा पश्चिम खानदेश होता. लहानपणी मारवाडातून काकांच्या बोटाला धरून आलेले शेट आता पन्नाशीला टेकले होते. घरात ते मारवाडी बोलत, बाजारात अहिराणी आणि कचेरीत मराठी. तिन्ही भाषांत त्यांचे म्हणणे एकच असे: काठी निवडायची म्हणजे माणूस मोजायचा.

लोणखेड्याचे गिरधर पाटील एकदा दुकानातली सगळ्यांत लांब काठी मागायला लागले.

"ती तुमनी नही शे," शेट म्हणाले.

"काबर? पैसा मन्हा शे ना?"

"पैसा तुमना शे, आनि मनगट बी तुमनंच शे. मनगटले इचारा."

पाटलांनी काठी हिसकून घेतली, रस्त्यात जाऊन दोनदा फिरवली आणि तिसऱ्यांदा ती स्वतःच्याच पागोट्यावर आणली. मग ते मुकाट्याने शेटांनी दिलेली आखूड काठी घेऊन गेले. ही हकीगत शेट आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत. आपल्या हातून आजवर एकही चुकीची काठी गेली नाही, हे वाक्य त्या हकीगतीच्या शेवटी असे.

शेटांचे दुसरे वैशिष्ट्य म्हणजे धर्म. पराणीच्या टोकाला लोखंडाची आर असते आणि ती बैलाला टोचते. जैन माणसाने टोचणारी वस्तू विकावी कशी? म्हणून शेट नुसती काठी विकत. आर समोरचा भिला लोहार विकत असे आणि ठोकूनही देई. शेतकरी इकडून काठी घेई, सहा पावले चालून तिकडे आर बसवून घेई आणि त्या सहा पावलांच्या रस्त्यात पाप कुठेतरी गळून पडे.

"शेटजी," भिला भात्याजवळून ओरडे, "तुमनी काठी नि मन्ही आर! पाप निम्मं-निम्मं वाटी लिऊत का?"

"तू तुन्हं काम कर," शेट म्हणत.

गावच्या पांजरापोळीच्या पंचांना मात्र ही वाटणी मान्य नव्हती. लंगडी, भाकड, म्हातारी जनावरे सांभाळणाऱ्या त्या संस्थेच्या पांढऱ्या गादीवर पाच पंच बसत आणि पर्युषणाच्या शेवटी, संवत्सरीच्या दिवशी, जैनांच्या प्रार्थनेच्या स्थानकात त्यांची नावे सर्वांसमोर वाचली जात. शेटांना त्या गादीवर बसायचे होते. आयुष्यात दुसरे काही मागावे असे त्यांना वाटत नव्हते. पण प्रत्येक वेळी अध्यक्ष हीरालाल शेट त्यांना हात जोडून म्हणत, "चांदमलजी, तुमच्या भावना समजतात. पण पराणी विकणारा माणूस बैलांचा पंच कसा व्हायचा?" हीरालाल शेटांचा सरकी काढायचा जिन होता. तिथल्या भट्टीत किती किडे जळतात हे कोणी विचारत नसे, कारण पांजरापोळीचा निम्मा खर्च त्याच भट्टीतून निघत असे.

अशात पांजरापोळीला धानोऱ्याच्या शिवेवरची गवताची सरकारी जमीन हवी झाली. अर्ज गेला. कागद प्रांतसाहेबांच्या टेबलावर पोचला आणि तिथेच राहिला, कारण प्रांतसाहेब दुःखात होते. त्यांची मासे पकडायची काठी मोडली होती. काठी गवतात ठेवून साहेब डबा खायला बसले, आणि त्यांच्याच घोड्याने तिच्यावर पाय दिला.

साहेबांचे नाव विल्मट. तापीकाठच्या प्रकाशा गावी सरकारी बंगल्यावर त्यांचा हिवाळ्यात मुक्काम असे आणि बंगल्याखालच्या डोहातले महाशीर मासे हा त्यांचा जीव की प्राण होता. गांडूळ लावून मासे धरणे त्यांना गावंढळपणाचे वाटे. त्यांच्या गळाला रंगीत पिसांची, रेशमाच्या धाग्याने बांधलेली खोटी माशी असे. लवचीक काठीने लांब दोरी मागे-पुढे झुलवायची, ती माशी पाण्यावर अलगद टेकवायची आणि माशाने ती खरी समजून तोंडात घ्यायची, असा तो खेळ. साहेबांच्या कचेरीतल्या शिरस्तेदारांनी हीरालाल शेटांच्या कानावर घातले की साहेबांचा हात काठीवाचून रिकामा आहे, आणि रिकाम्या हातात लेखणी धरण्याची त्यांना इच्छा होत नाही.

पंच हीरालाल शेटांच्या माडीवर जमले. काठ्यांचा विषय म्हणून चांदमल शेटांनाही बोलावणे गेले. त्यांना गादीच्या खाली, सतरंजीवर जागा मिळाली.

"साहेबांना काठी भेट द्यायची," हीरालाल शेट म्हणाले. "विषय संपला."

"पण भाईजी, हिंसेचं साधन आहे ते," पंचांतले रूपचंदजी म्हणाले. ते स्वभावाने भित्रे होते आणि त्यामुळे गावात धर्मनिष्ठ समजले जात.

"साधन कसलं? काठीला गळ असतो का? गळ साहेबांच्या पेटीत. आपण दिली नुसती काठी. हे आपले चांदमलजी आयुष्यभर पराणी विकतात, आर भिला लोहार लावतो. आहे का यांना पाप? तसंच हे."

जो युक्तिवाद नाकारून आपल्याला इतकी वर्षे गादीखाली बसवले, तोच गादीवरून ऐकताना चांदमल शेटांना ठसका लागला.

दाराआडून आवाज आला. हीरालाल शेटांच्या आई भूरीबाई तिथे माळ घेऊन बसल्या होत्या. गावातला कुठलाही ठराव त्या दारातून पार पडल्याशिवाय मंजूर होत नसे.

"हीरा, गायींच्या गवतासाठी मासे मारायचे का रे?"

"माँजी, आपण कुठे मारतोय?"

"मग जमीन घ्यायला आपण कुठे जातोय? तीही साहेबालाच घेऊ दे!" माळेचे दोन-तीन मणी सरकल्याचा आवाज झाला. "अशी काठी द्या की साहेब खूश व्हावा आणि मासा एक लागू नये."

एकेकाची मान वळली आणि सगळ्यांच्या नजरा सतरंजीवर स्थिरावल्या.

"चांदमलजी, जमेल?"

"माणूस मोजावा लागेल," शेट म्हणाले.

"मोजा. मासा लागला नाही आणि जमीन मिळाली, की येत्या संवत्सरीला पंचांत तुमचं नाव वाचलं जाईल. माझा शब्द."

घरी आल्यावर शेटांनी ही गोष्ट बायकोला सांगितली. जडावबाईंनी नवी पगडी पेटीतून काढून उन्हात ठेवली. मग त्या म्हणाल्या, "सुणो. आयुष्यात वाईट काठी कधी निवडली नाहीत तुम्ही. येईल का निवडता?"

"चांगली निवडता येते त्यालाच वाईट निवडता येते," शेट म्हणाले. वाक्य त्यांना स्वतःलाच इतके आवडले की त्यांनी ते दुसऱ्या दिवशी भिलालाही ऐकवले.

माणूस मोजायला ते साहेबांच्या बंगल्यावर गेले. विल्मट साहेब मराठी पुस्तकातून शिकले होते आणि पुस्तकासारखेच बोलत.

"शेटजी, आपण माझे मनगट का अवलोकन करीत आहात?"

"मापासाठी, साहेब."

साहेब ताडमाड उंच, पण मनगट असे की बायकांची बांगडी सहज चढावी. मोडकी काठी नऊ फुटांची आणि बारा तोळ्यांची होती. बांबूच्या कांबट्या एकमेकींना सरसाने चिकटवून केलेले ते काम शेटांनी बोटाने चाचपले आणि त्यांचा चेहरा बदलला. इतकी चांगली काठी त्यांनी जन्मात हातात घेतली नव्हती. मापाला हवी असे सांगून ते ती घरी घेऊन आले. पितळी नळी बसवून तिचा सांधा झुलवण्यापुरता जोडला (माशाची ओढ काही त्याने सोसली नसती), दोरीच्या टोकाला गळाऐवजी कापसाचे बोंड बांधले आणि मागच्या अंगणात ती झुलवायला सुरुवात केली. आधी बोंड तुळशीत गेले, मग जडावबाईंच्या पापडांत. आठवडाभराने ते अंगणाच्या दुसऱ्या टोकाला ठेवलेल्या लोट्यात पडू लागले.

भिला भिंतीवरून बघत होता. "शेटजी, लोट्यामा मासा शे का?"

"कापूस शे."

"मंग कापूस धरासाठे इतली मोठी काठी?"

शेटांनी त्याच्याकडे लक्ष दिले नाही. त्यांना विद्या कळली होती. इथे काठी मारायची नसते, वाकवायची असते. फेकली जाते ती माशी नव्हे, फेकले जाते दोरीचे वजन. काठी हलकी असेल तर मनगट दिवसभर टिकते आणि माशी पाण्यावर पिसासारखी उतरते. काठी जड असेल तर काम खांद्यावर जाते, खांदा थकला की हात चुकतो आणि दोरी पाण्यावर चाबकासारखी आपटते. लांबीचेही तसेच. आखूड काठी दूर पोचत नाही, आणि लांब काठी सावरायला दोन हात लागतात.

मुंबईच्या एका इंग्रजी दुकानाचे सूचिपत्र शिरस्तेदारांनी आणले आणि वाचून दाखवले. हीरालाल शेटही आले होते. काठी जितकी हलकी तितकी किंमत जास्त, हे ऐकून ते हतबुद्ध झाले.

"म्हणजे वजन कमी करायचे पैसे घेतात?"

"होय."

"आणि साहेबलोक देतात?"

"आनंदाने," शिरस्तेदार म्हणाले. हीरालाल शेटांनी सूचिपत्र हातात घेऊन किमतींवरून बोट फिरवले. एवढ्या सोप्या धंद्यात आपण कसे पडलो नाही, हा विचार त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होता.

शेटांनी आधी सर्वांत हलकी काठी विचारात घेतली. ती मोठ्या माशाने मोडली असती. पण मोडली तर मासा गळ तोंडात घेऊन तडफडणार, म्हणजे हिंसा झालीच. शिवाय काठी मोडली असती तर नाव शेटांचे गेले असते. मग त्यांनी बोट ठेवले ते चौदा फुटी, दोन हातांनी धरायच्या, पाऊण शेर वजनाच्या काठीवर. दिसायला राजाच्या हातात शोभेल अशी. साहेबांचे ते मनगट आणि ही काठी! पाव घटकेत हात भरून येणार, दोरी आपटणार, डोहातले सगळे मासे पळणार, आणि साहेब दोष देतील तो स्वतःच्या हाताला. शेटांनी मनोमन ती काठी साहेबांच्या हातात धरून पाहिली. इतकी नेमकी चुकीची काठी कोणाला निवडता आली नसती.

त्यांचे गणित पक्के होते. फक्त एक गोष्ट राहिली. टेकायच्या काठीच्या दुसऱ्या टोकाला जमीन असते, मिरवायच्या काठीच्या दुसऱ्या टोकाला काही नसते. म्हणून शेटांनी आयुष्यभर फक्त हात मोजला होता. या काठीच्या दुसऱ्या टोकाला मासा असणार होता, आणि शेटांनी मासा कधी नीट पाहिलेलाही नव्हता.

सुरतेकडून येणाऱ्या गाडीने काठी आली. साहेबांनी ती दोन्ही हातांत घेतली आणि ते लहान मुलासारखे हसले. "अत्युत्तम! अत्युत्तम!" पंचांनी माना तुकवल्या.

भूरीबाईंचे मात्र समाधान झाले नव्हते. "काठीवर काय भरवसा? ज्या माशांवर संकट आहे, त्यांना आधी पोटभर खाऊ घाला. दोषही फिटेल आणि भरल्या पोटी ते गळाकडे बघणारही नाहीत." हा विचार सर्वांना एकदम पटला, कारण त्यात पुण्य आणि व्यवहार दोन्ही होते. रूपचंदजींवर काम सोपवले गेले. ते कणकेचे पोते बैलगाडीत घालून प्रकाशाला गेले आणि साहेब येण्याआधी रोज सकाळ-संध्याकाळ बंगल्याखालच्या डोहात कणकेच्या गोळ्या टाकू लागले. पहिल्या दिवशी चार मासे आले. मग आजूबाजूच्या डोहांतले आले. पुढे पुढे तर रूपचंदजींची सावली पाण्यावर पडली की डोह उकळल्यासारखा दिसू लागला. त्यांनी नंदुरबारला निरोप पाठवला: मासे तृप्त आहेत.

साहेबांनी काठी पाण्यावर धरली त्या दिवशी पंच देवदर्शनाच्या निमित्ताने प्रकाशाला हजर होते. चांदमल शेट नवी पगडी घालून गेले होते.

सुरुवातीला सगळे ठरल्यासारखे झाले. साहेबांनी काठी मागे नेली, पुढे आणली. दोरी पाण्यावर फाडकन आपटली. दुसऱ्यांदाही तसेच. थोड्या वेळाने साहेब खांदा चोळू लागले, मग कोपर, मग दगडावर बसले. हीरालाल शेटांनी चांदमल शेटांच्या पाठीवर हात ठेवला. "पंच," ते हळूच म्हणाले. शेटांनी मान खाली घातली. पगडी सरळ राहील इतकीच.

अडचण रूपचंदजींची झाली. संध्याकाळची वेळ झाली होती, आणि त्यांना वाटले, शेवटचा घास घालून टाकावा, म्हणजे माशांचे पोट उरलेसुरलेही भरेल. थोडे वर उभे राहून त्यांनी मूठभर गोळ्या फेकल्या. डोह उसळला. हाताएवढे, पायाएवढे मासे एकमेकांच्या अंगावर चढले.

विल्मट साहेब उठून उभे राहिले.

"गृहस्थ! आपण त्यांना काय देत आहात?"

रूपचंदजींचा खोटे न बोलायचा नेम होता आणि साहेबांसमोर तो मोडायचा धीरही नव्हता. "क... कणकेच्या गोळ्या, साहेब."

"मला काही मिळतील काय?"

रूपचंदजींनी मागे पाहिले. सगळे पंच देवळाच्या कळसाकडे बघत होते. त्यांनी खाली उतरून साहेबांच्या हातावर पाच गोळ्या ठेवल्या.

साहेबांनी पिसांची माशी काढून टाकली, पेटीतला मोठा गळ बांधला, त्याला गोळी लावली आणि गावंढळपणाचा विचार बाजूला ठेवून ती पाण्यात सोडली. आता काठी झुलवायची नव्हतीच. नुसती लांब धरायची होती. चौदा फुटी काठी थेट डोहाच्या मध्यावर पोचली. गोळी पाण्यात पुरती बुडालीही नसेल, तोच काठीचे टोक खाली गेले.

मग जे झाले ते चांदमल शेट पापणी न हलवता बघत राहिले. मासा प्रवाहात सुटला, बुंध्याजवळची दोरीची फिरकी ओरडू लागली, काठी कमानीसारखी वाकली. इतकी वाकली की पंचांना वाटले मोडली. आता मोडते, असे हीरालाल शेट पुटपुटले. नऊ फुटी, बारा तोळ्यांची काठी त्या ओढीने कधीच दोन तुकडे होऊन वाहून गेली असती. ही वाकली आणि थांबली. पुन्हा वाकली, पुन्हा थांबली. माशाचे सगळे वजन बुंध्यापर्यंत उतरत होते आणि बुंधा ते झेलत होता. शेटांची स्वतःची मूठ आवळली गेली होती. तोंडातून "शाबास" निघून गेले. ते माशाला नव्हते, साहेबांनाही नव्हते.

मासा काठावर आला. शेटांच्या नजरेने अठरा शेर. तोलला तेव्हा साडेअठरा निघाला.

साहेबांनी काठी दोन्ही हातांनी उचलून धरली आणि विचारले, "ही काठी कोणी निवडली?"

"मी, साहेब," चांदमल शेट म्हणाले. आवाज गरजेपेक्षा मोठा निघाला.

"संपूर्ण खानदेशात काठी जाणणारा मनुष्य आपण एकच!"

धानोऱ्याच्या जमिनीवर त्याच रात्री सही झाली.

पंच पुन्हा माडीवर जमले. जमीन मिळाली होती, ती परत करावी असे कोणीच सुचवले नाही. प्रश्न फक्त माशाचा होता. रूपचंदजी गादीवर एका कोपऱ्यात बसून स्वतःच्या तळहाताकडे बघत होते, आणि गोळ्यांचा उल्लेख कोणी करायचा नाही हे न ठरवता ठरले होते. उरली काठी.

हीरालाल शेट व्यवहारी होते आणि शब्दाचे पक्केही. त्यांनी मार्ग काढला होता. "चांदमलजी, समाजाला उत्तर द्यायला हवं. तुम्ही एवढंच बोला की काठी मी मुद्दाम निकामी निवडली होती, मासा आला तो त्याच्या कर्मानं आला. खरंच आहे ते. बोललात की या वर, गादीवर."

सगळ्यांनी सरकून जागा केली. पांढऱ्या चादरीवर एका माणसापुरती मोकळी जागा दिसू लागली. चांदमल शेटांनी ती पाहिली. वाक्य सोपे होते, खरे होते, आणि निकामी काठी निवडायलाच तर पंचांनी त्यांना बोलावले होते. त्यांनी तोंड उघडले. पण डोळ्यांपुढे आली ती कमान झालेली काठी, आणि त्या संध्याकाळपासून त्यांची पक्की खात्री झाली होती की अशी काठी आपण चुकून किंवा मुद्दाम, कशीही, वाईट म्हणून निवडणे शक्य नाही. हात चुकीचा असेल. हेतू चुकीचा असेल.

"काठी निकामी नव्हती," ते म्हणाले.

"अहो, पण तुम्हीच म्हणाला होता..."

"मी हातासाठी म्हणालो होतो. माशाला ती बरोबर होती. त्या डोहाला, त्या माशाला दुसरी काठी चाललीच नसती."

दाराआडून भूरीबाई म्हणाल्या, "ऐकलंस, हीरा? यानं मोजून दिली."

गादीवरची जागा हळूहळू भरून गेली. प्रत्येकाने थोडे थोडे आपल्या मूळ जागी सरकून घेतले.

त्या वर्षी संवत्सरीला स्थानकात पंचांची नावे वाचली गेली. रूपचंदजींच्या नावापुढे "मत्स्यांना अन्नदान" असे खास जोडले होते. चांदमल शेट मागच्या रांगेत बसून ऐकत होते. पुढच्या हिवाळ्यात धुळ्याचे दोन साहेब दुकानाच्या पायरीवर आले आणि त्यांनी न सांगता मनगटे पुढे केली. तेव्हापासून शेट साहेबलोकांना काठ्या देत. गळ समोर भिलाकडे मिळत.

"शेटजी," भिला ओरडे, "आते ते मासासनं बी निम्मं पाप मन्हाकडे उनं!"

स्थानकातून परतल्यावर त्या संवत्सरीच्या संध्याकाळी मात्र जडावबाईंनी पगडी झटकून पेटीत ठेवली आणि झाकण लावले.

"एक वाक्य होतं," त्या म्हणाल्या. "आणि रूपचंदजींनी तर स्वतःच्या हातानं गोळ्या दिल्या. त्यांचं नाव वाचलं."

चांदमल शेटांनी तुच्छतेने हात हलवला.

"गोळ्या कोणीही देईल," ते म्हणाले. "काठी निवडावी लागते."